गृहवासी वृक्षमंडूक : पालनाचा इतिहास आणि शब्दांची साक्ष

माणसाने जे प्राणी पाळले त्यांचा इतिहास बहुधा उपयोगाच्या अंगाने लिहिला गेला आहे. गाय दुधासाठी, घोडा स्वारीसाठी, कुत्रा राखणीसाठी, असा हा हिशेब आहे. ज्या प्राण्यापासून दूध नाही, ओझे नाही, राखणही नाही, असा प्राणी घरात का ठेवला जातो, हा प्रश्न त्या इतिहासात सहसा उपस्थित होत नाही. झाडावर राहणारा बेडूक, ज्याला शास्त्रीय लेखनात 'वृक्षमंडूक' म्हणतात, हा असाच एक प्राणी होय. अलीकडे शहरांतून काचेच्या पेटीत असे बेडूक पाळण्याची हौस वाढू लागली असून तिच्याविषयीची जिज्ञासा विद्यार्थिवर्गातही दिसते. या हौसेमागे अडीचशे वर्षांहून अधिक काळाचा युरोपीय इतिहास आहे, आणि त्याच्या समोर आपल्याकडील एक त्याहून फार जुना, परंतु वेगळ्या वळणाचा इतिहास उभा आहे. या दोहोंची तुलना करणे आणि त्यांतून आजच्या व्यवहारासाठी काय निष्पन्न होते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्राणिशास्त्रातील माहिती त्या शास्त्राच्या अभ्यासकांकडून उसनी घेतली आहे. शब्दांची साक्ष काढण्याचे काम तेवढे भाषाभ्यासकाचे म्हणून येथे केले आहे.

१. नावांचा विचार

अमरकोशाच्या वारिवर्गात बेडकाला भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव आणि दर्दुर अशी नावे दिली आहेत. यांपैकी ज्यांचा अर्थ उघड आहे ती पाहिली तर एक गोष्ट ध्यानी येते. 'वर्षाभू' म्हणजे पावसात उत्पन्न होणारा. 'प्लव' म्हणजे उडी घेणारा वा पाण्यावर तरंगणारा. 'दर्दुर' या शब्दात तर त्याचा आवाजच ऐकू येतो. पाणी, उडी आणि आवाज या तीन लक्षणांवर ही नावे आधारलेली आहेत. झाडावर राहणारा बेडूक असा भेद त्यांत कोठेही नाही. मराठीतही बोलण्यात 'बेडूक' हा एकच शब्द सर्व जातींसाठी पुरतो. कोकणीत 'बेबो' म्हणतात.

'वृक्षमंडूक' हा शब्द संस्कृत घडणीचा दिसला तरी त्याची कल्पना लॅटिन 'राना आर्बोरेआ' या नावाशी नेमकी जुळते. लिनीअसने १७५८ साली आपल्या 'सिस्टेमा नाटुरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत युरोपीय वृक्षमंडूकाला हे नाव दिले. पुढे १७६८ मध्ये लॉरेंटीने या बेडकांसाठी 'हायला' हा वंश निराळा काढला. जर्मन भाषेत त्याला 'लाउबफ्रोश' म्हणजे पालवीतला बेडूक असे लोकनाम आहे. ज्या समाजाने या बेडकाला वेगळे नाव दिले त्याच समाजाने पुढे त्याला घरात आणून ठेवले. आपण त्याला वेगळे नाव दिले नाही आणि घरातही आणले नाही. तो आपला आपण आला. या विधानाचा खुलासा पुढे होईल.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला मात्र बेडूक अपरिचित नाही. पाणिनीने मंडूक या शब्दाच्या अपत्यार्थी रूपासाठी चौथ्या अध्यायात (४.१.११९) स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. एखाद्या पदाची अनुवृत्ती मधली सूत्रे ओलांडून पुढच्या सूत्रात जाते तेव्हा वैयाकरण तिला 'मंडूकप्लुती' म्हणतात. 'कूपमंडूक' तर सर्वांच्या तोंडी आहे. या सर्व प्रयोगांत बेडकाचे निरीक्षण आहे, परंतु ते दुरून केलेले आहे. त्याची उडी पाहिली, आवाज ऐकला, विहिरीतील त्याचे बंदिस्त जगणे पाहिले. त्याला काय लागते, हे मात्र कोणी विचारले नाही.

२. बांधलेला बेडूक

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त 'मंडूकसूक्त' म्हणून प्रसिद्ध आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणे निजून राहिलेले बेडूक पर्जन्याने जागे होतात, शिष्याने गुरूचे बोलणे पुन्हा म्हणावे तसे एकमेकांचे बोलणे पुन्हा म्हणतात, असे त्यात वर्णन आहे. त्यांच्यात कोणी गाईसारखा ओरडणारा, कोणी बकऱ्यासारखा, कोणी ठिपक्यांचा तर कोणी हिरवा, असाही भेद सूक्तकाराने टिपला आहे. मॅक्सम्युलरने १८५९ साली या सूक्तात ब्राह्मणांचा उपहास पाहिला; ब्लूमफील्डने १८९६ साली ते पर्जन्यासाठी केलेले अनुष्ठान असल्याचे प्रतिपादन केले. यास्काने निरुक्तात (९.६) वर्षाकामी वसिष्ठाने पर्जन्याची स्तुती केली आणि बेडकांनी तिला अनुमोदन दिले, अशी जी परंपरा नोंदविली आहे ती या दुसऱ्या मतास पोषक आहे. या सूक्तातील एका चमत्कारिक क्रियारूपाचा अर्थ पाउल थीमे याने १९५४ साली 'अक्षर' या शब्दाच्या प्राकृत वळणाच्या उच्चारावरून लावला. या अर्थाप्रमाणे बेडूक पाठशाळेतील मुलासारखे अक्षरे घोकत आहेत. केवळ ध्वन्यनुकरण म्हणून सोडून दिलेल्या शब्दात वैदिक काळातील बोलीचा उच्चार दडलेला असावा, हे भाषेच्या अभ्यासकाला विशेष वाटते.

सूक्तात बेडूक मोकळा आहे. कर्मकांडात मात्र तो बांधला जातो. अग्निचयनाच्या विधीत तापलेली वेदी शांत करण्यासाठी बेडूक, अवका नावाची पाणवनस्पती आणि वेताची डहाळी ही बांबूला बांधून वेदीवरून ओढावीत, असे सांगितले आहे. अथर्ववेदातील ज्वरनाशक मंत्राच्या विनियोगात, कौशिकसूत्राप्रमाणे, निळ्या व तांबड्या दोऱ्यांनी बांधलेला बेडूक रोग्याच्या खाटेखाली ठेवावा आणि ज्वराने त्याच्यात जावे, अशी कल्पना आहे. घरात, माणसाच्या बिछान्याजवळ, हेतुपूर्वक आणून ठेवलेल्या बेडकाचा आपल्याकडील हा बहुधा सर्वांत जुना उल्लेख होय. परंतु येथे बेडूक पाहुणा नाही. माणसाचा ताप वाहून नेणारे ते एक पात्र आहे.

महाराष्ट्रात पाऊस लांबला म्हणजे काही गावांतून मुले 'धोंडी' काढतात. एका मुलाच्या अंगाभोवती कडुनिंबाचा पाला गुंडाळतात, मुसळाच्या मध्यभागी बेडूक बांधतात, आणि ही मिरवणूक दारोदार फिरते. घरोघरच्या बाया त्यांच्यावर पाणी ओततात आणि पसा-मूठ धान्य घालतात. आसामात याच हेतूने बेडकांचे लग्न लावतात. त्याला 'भेकुली बिया' म्हणतात, आणि त्या नावात अमरकोशातील 'भेक' अजून नांदतो आहे. भोपाळात २०१९ च्या जुलै महिन्यात पावसासाठी बेडकांचे लग्न लावण्यात आले, आणि पाऊस अतोनात झाल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांचा काडीमोडही करण्यात आला, हे वृत्त अनेकांच्या स्मरणात असेल. अग्निचयनातील बांबू आणि धोंडीतील मुसळ यांच्यामध्ये सलग परंपरा आहे असे विधान पुराव्यावाचून करता येणार नाही. परंतु दोन्ही ठिकाणी बेडूक हे पाण्याचे चिन्ह आहे, आणि चिन्ह हाती आले की चिन्हित वस्तूही हाती येईल ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३. काचेतला बेडूक

आता युरोपकडे वळू. न्यूरेंबर्गचा चित्रकार ऑगस्ट योहान ऱ्योझेल फॉन रोझेनहोफ याने आपल्या देशातील बेडकांचा सचित्र ग्रंथ १७५८ मध्ये पूर्ण केला. लिनीअसच्या दहाव्या आवृत्तीचेही तेच वर्ष. एकाने बेडकाला नाव दिले, दुसऱ्याने अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचे त्याचे आयुष्य रंगांत उभे केले.

याच सुमाराच्या मागेपुढे जर्मन भाषक प्रदेशात वृक्षमंडूक घरात ठेवण्याची चाल पडली आणि एकोणिसाव्या शतकात ती घरोघर दिसू लागली. काचेची बरणी, तळाशी थोडे पाणी, आत लाकडाची छोटी शिडी आणि एक बेडूक, असा तिचा सरंजाम असे. बेडूक शिडीवर चढला तर हवा चांगली राहणार, खाली पाण्यात उतरला तर पाऊस येणार, असा समज होता. या बेडकाला 'वेटरफ्रोश', म्हणजे हवामानाचा बेडूक, असे नाव पडले. या समजुतीला निरीक्षणाचा थोडा आधार होता. हवा उबदार व कोरडी असली की किडे उंच उडतात आणि त्यांच्या मागे रानातील हा बेडूक झुडपाच्या शेंड्याकडे सरकतो. परंतु बरणीत किडेच नसल्याने बरणीतल्या शिडीला तो नियम लागू पडत नाही. सृष्टीतील एक संबंध सृष्टीपासून तोडून बरणीत भरला की त्याचा अर्थ नाहीसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचित सापडेल. बरणी गेली, शब्द मात्र उरला. आज जर्मन भाषेत आकाशवाणी-दूरदर्शनवरून हवामान सांगणाऱ्या गृहस्थालाच थट्टेने 'वेटरफ्रोश' म्हणतात. वृक्षमंडूक स्वतः १९९२ पासून युरोपीय संघाच्या अधिवासविषयक निर्देशानुसार कडक संरक्षणाखाली आहे.

येथवर पाहता धोंडीतला बेडूक आणि बरणीतला बेडूक यांत फारसा भेद दिसत नाही. एकाने पाऊस आणावा अशी अपेक्षा, दुसऱ्याने तो सांगावा अशी; दोघेही माणसाच्या कामाला जुंपलेले. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्यॉटिंगेन येथे एका इंग्रज अभ्यासकाने केलेले काम या दोहोंहून निराळे आहे.

रॉबर्ट टाउनसन (१७६२–१८२७) हा निसर्गाभ्यासक १७९० नंतरच्या काही वर्षांत ग्यॉटिंगेन येथे होता. त्याने दोन वृक्षमंडूक पाळले आणि त्यांना 'डेमन' व 'म्युझिडोरा' अशी नावे ठेवली. ही नावे जेम्स टॉमसन या कवीच्या ऋतुवर्णनपर काव्यातील प्रेमी युगुलाची आहेत. त्यातील म्युझिडोरा ही नदीत स्नान करणारी तरुणी. पाण्यात बसणाऱ्या बेडकीला हे नाव देण्यात थोडा विनोद आहे, परंतु नाव दिल्यामुळे एक गोष्ट घडली. 'कोणताही एक बेडूक' या ऐवजी 'हाच बेडूक' असा विचार सुरू झाला. आणि रोजच्या रोज त्याच बेडकाकडे पाहिल्यामुळे टाउनसनला जे दिसले ते तोपर्यंत कोणी नीट सांगितले नव्हते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. कोरड्या हवेत त्याचे वजन घटते. ओल्या टिपकागदावर बसविला की त्वचेवाटे, विशेषतः पोटाकडच्या त्वचेवाटे, पाणी शोषून तो पुन्हा भरून येतो. टाउनसनने हे वजने घेऊन सिद्ध केले आणि ग्यॉटिंगेन येथे आपल्या लॅटिन निबंधांत व पुढे १७९९ च्या इंग्रजी ग्रंथात प्रसिद्ध केले.

या कामाचा पुढे जवळजवळ विसर पडला. डेन्मार्कमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ यॉर्गेनसेन यांनी १९९४ साली ते पुन्हा उजेडात आणले. टाउनसन स्वतः १८०७ मध्ये ऑस्ट्रेलियात गेला आणि तेथेच वारला. ज्या न्यू साउथ वेल्समध्ये त्याचा अंत झाला तेथीलच एका हिरव्या वृक्षमंडूकाचे वर्णन जॉन व्हाइट याने १७९० साली आपल्या प्रवासवृत्तात केले होते. आणि आज जगभर, भारतातील हौशी लोकांतही, पेटीत सर्वांत अधिक पाळला जातो तो हाच 'व्हाइटचा बेडूक'. इतिहासात असे योगायोग पुष्कळ. त्यांना अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. टाउनसनच्या निरीक्षणाला मात्र फार अर्थ आहे. बेडूक पाळण्याच्या इतिहासात, बेडकापासून काय मिळेल हे सोडून बेडकाला काय लागते हा प्रश्न येथे पुढे आला.

४. पेटी आणि तिचे नाव

लंडनचा एक वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड याने १८२९ साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला असता आतील मातीत नेचाचे रोप आपोआप उगवून तग धरून राहिल्याचे पाहिले. आतले पाणी वाफ होऊन वर जाते, काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या करविल्या, १८३३ मध्ये त्यांतून झाडे ऑस्ट्रेलियास धाडली आणि १८४२ मध्ये या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणताना रॉबर्ट फॉर्च्यून याने अशाच पेट्या वापरल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले; १८५४ साली गॉसच्या ग्रंथाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. १८८४ साली योहान फॉन फिशर याचा 'टेरॅरियम' या विषयावरील जर्मन ग्रंथ निघाला. बरणीची पेटी झाली, शिडीच्या जागी जिवंत झाडे आली.

मराठीत 'अ‍ॅक्वेरियम'साठी 'मत्स्यालय' हा शब्द रुळला. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. 'टेरॅरियम'ला मात्र मराठीत घर मिळाले नाही. याचे कारण शब्दनिर्मितीची अक्षमता हे खचित नव्हे. प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. गुरांचा गोठा, घोड्यांची पागा, कोंबड्यांचे खुराडे, कबुतरांची ढाबळ, हत्तींचा पीलखाना, पोपटाचा पिंजरा. कोल्हापुरात तर या शब्दसंपत्तीला राजाश्रय होता. शाहू छत्रपतींच्या (राज्यकाल १८९४–१९२२) काळात येथे शिकारीचे चित्ते पाळले जात. त्यांच्या दिमतीला चित्तेवान असत. हत्तींची साठमारी हे येथील प्रसिद्ध प्रेक्षणीय होते आणि त्या नावाची जागा अजून शहरात दाखविली जाते. ज्या प्राण्याला माणसाने कामाला लावले, त्याच्या घराला नाव मिळाले व त्याच्या रखवालदारालाही मिळाले. बेडकाच्या घराला नाव नाही, कारण आपल्याकडे त्याचे घर वेगळे नव्हतेच.

५. न्हाणीघरातला रहिवासी

वर जे म्हटले की बेडूक आपल्याकडे आपला आपण आला, त्याचा खुलासा येथे करावयाचा आहे. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा साधा भारतीय वृक्षमंडूक, शास्त्रीय नाव 'पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस', याचे वर्णन १८३० साली ग्रे याने केले. तो तपकिरी-पिवळसर रंगाचा, मांड्यांच्या मागच्या बाजूस पिवळ्या ठिपक्यांचा, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला बेडूक आहे. मादी सात-आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर त्याहून लहान. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या पानांना किंवा हौदाच्या कडेला तो फेसाचे घरटे करतो. अंड्यांतून निघालेली पिल्ले फेस विरला की खाली पाण्यात पडतात. उन्हाळ्यात ओलावा शोधीत तो घरांत शिरतो आणि न्हाणीच्या कोपऱ्यात, रांजणामागे, फडताळाच्या कडेला, हातपाय पोटाखाली घेऊन दिवसभर निश्चल बसून राहतो. रात्री झुरळे, पतंग, रातकिडे टिपतो. कोल्हापुरातील जुन्या वाड्यांत राहिलेल्या मंडळींना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

इंग्रजीत या बेडकाला 'चुनाम फ्रॉग' असे एक नाव आहे. 'चुनाम' हा शब्द अँग्लो-इंडियन. त्याचे मूळ आपल्या 'चुना' या शब्दाचे जे मूळ तेच, म्हणजे संस्कृत 'चूर्ण'. दक्षिण भारतातील चुना दिलेल्या भिंतीवर हा बेडूक फिकट होऊन बसलेला साहेबलोकांनी पाहिला आणि त्याला ते नाव दिले. लिनीअसने वृक्षावरून नाव दिले, जर्मनांनी पालवीवरून. भारतातल्या बेडकाला मात्र भिंतीवरून नाव मिळाले. तो माणसाच्या घरात राहणारा आहे याची ही शब्दरूप नोंदच म्हटली पाहिजे.

या बेडकाशी घरातील माणसांचे नाते तिसऱ्याच प्रकारचे होते. त्याला कोणी बांधले नाही, बरणीत घातले नाही, अन्न घातले नाही. क्वचित केरसुणीने बाहेर लोटले. पण तो पुन्हा येई आणि बहुधा त्याला राहू दिले जाई. घर हीच पेटी होती आणि तिला झाकण नव्हते. न्हाणीघराच्या फरश्या गुळगुळीत झाल्या, खिडक्यांना जाळ्या बसल्या, फिनेलचा वापर वाढला, उघडे हौद गेले. घराने झाकण लावून घेतले, आणि बेडूक बाहेर राहिला. पेटीत बेडूक पाळण्याची हौस नेमकी याच काळात यावी, हे विचार करण्यासारखे आहे.

६. इतिहासाने शिकविलेली निगा

आज कोणी पेटीत वृक्षमंडूक ठेवतोच, तर त्याने काय सांभाळावे, याचे बहुतेक नियम वरील इतिहासातूनच निघतात. पहिला नियम टाउनसनचा. बेडूक त्वचेने पाणी घेतो, म्हणून पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्यावाचून ते पेटीत घालू नये. पाण्याचे उथळ भांडे रोज धुऊन भरावे. त्वचेने घेण्याचा हा नियम हाताच्या स्पर्शालाही लागू आहे. घामातील क्षार, साबण, मलम ही सर्व त्याला अपायकारक. म्हणून त्याला उचलून खेळविणे हे प्रेम नव्हे. उचलणे भागच पडले तर हात स्वच्छ पाण्याने धुऊन ओले ठेवावेत, आणि नंतर स्वतःसाठी साबणाने धुवावेत, कारण बेडकाच्या अंगावरील जंतू माणसालाही बाधू शकतात.

दुसरा नियम वॉर्डच्या पेटीने शिकविला, आणि तो सावधपणे घेतला पाहिजे. पूर्ण बंद पेटी नेचाला मानवते, बेडकाला नाही. त्याला ओलावा हवा तशी वाहती हवाही हवी. कोंदट ओलीत बुरशी व जंतू माजतात. म्हणून पेटीला जाळीचे तोंड असावे, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा द्यावा आणि दोन फवाऱ्यांच्या मधे ओल थोडी ओसरू द्यावी. चढणारा प्राणी असल्याने पेटी रुंदीपेक्षा उंच असावी. आत फांद्या आणि रुंद पानांची झाडे असावीत. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ अंशांच्या वर जातो. उन्हात ठेवलेली काचेची पेटी अशा वेळी भट्टी होते.

तिसरा नियम 'वेटरफ्रोश'च्या बरणीने उलट बाजूने शिकविला. शिडी होती, पण किडे नव्हते. बेडूक हलते भक्ष्यच ओळखतो. मेलेला किडा समोर असूनही तो उपाशी राहू शकतो. जिवंत रातकिडे वा झुरळे, तीही औषध न मारलेल्या जागेतील, आणि त्यांवर अधूनमधून चुनखडीच्या क्षारांची भुकटी, हे त्याचे अन्न. नुसत्या एकाच प्रकारच्या किड्यांवर ठेवलेल्या बेडकाची हाडे ठिसूळ होतात. तो निशाचर आहे, म्हणून दिवसा त्याला निजू द्यावे. व्हाइटचा बेडूक बंदिवासात पंधरा वर्षांहून अधिक जगू शकतो. एवढ्या अवधीत पाळणारा विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो. पेटी मात्र आईच्या गळ्यात पडलेली असते. हा विचार पेटी विकत घेण्याआधीच झाला पाहिजे.

७. पेटीबाहेरचे जग

हा प्रश्न केवळ एका घराचा राहिलेला नाही. १९३० च्या दशकापासून आफ्रिकेतील 'झेनोपस' जातीचे बेडूक गर्भपरीक्षेसाठी जगभर पाठविले गेले; हौशी पालनासाठीही बेडकांची ने-आण वाढली. १९९८-९९ मध्ये शास्त्रज्ञांनी बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका घातक कवकाचे वर्णन केले. बेडूक त्वचेने पाणी आणि क्षार सांभाळतो. ती त्वचाच रोगट झाली की हृदयक्रिया बंद पडून तो मरतो. टाउनसनने जे जीवनाचे द्वार म्हणून दाखविले तेच येथे मृत्यूचे द्वार ठरले. २०१८ सालच्या जनुकीय अभ्यासाने या कवकाचे मूळ पूर्व आशियात असल्याचे व त्याच्या प्रसारास प्राण्यांचा व्यापार कारणीभूत असल्याचे दाखविले. २०१९ च्या एका व्यापक पाहणीने जगातील किमान ५०१ उभयचर जातींच्या ऱ्हासाशी आणि त्यांपैकी ९० जातींच्या संभाव्य विनाशाशी त्याचा संबंध जोडला. उत्तर सह्याद्रीतील बेडकांतही या कवकाचा आशियाई प्रकार असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आहे. आपल्याकडे त्याने अद्याप तसा संहार केलेला नाही. परंतु परदेशी बेडकाबरोबर दुसरा, अधिक घातक प्रकार आला तर काय होईल, या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

कोल्हापूरकरांना याचे विशेष कारण आहे. आजरा-चंदगडच्या शेजारी, सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोली आहे. तेथे वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील नमुन्यांवरून २००९ साली एका नव्या भेकाचे व एका नव्या झुडुपी बेडकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. पायांच्या पडद्यांवर तरंगत झाडावरून झाडावर जाणारा मलबारी उडता बेडूकही तेथे आढळतो. त्याचे वर्णन जर्डनने १८७० साली केले होते. पावसाळ्यात पर्यटकांची तेथे रीघ लागते. एखादा हिरवा बेडूक डब्यात घालून घरी आणण्याचा मोह होणे अशक्य नाही. संरक्षित वनातून प्राणी काढणे हा तर अपराध आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की आंबोलीचे धुके डब्यात येत नाही. आणि चार दिवसांनी पश्चात्ताप होऊन तोच बेडूक, घरातील परदेशी बेडकाच्या पेटीशेजारी राहून, पुन्हा रंकाळ्याच्या काठी वा आंबोलीस सोडला गेला, तर दयेच्या पोटी केलेले ते कृत्य संबंध रानाला भोवू शकते.

कायद्यानेही आता या हौसेची दखल घेतली आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या यादीतील परदेशी प्राणीही त्याच्या कक्षेत आले. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी करणे आवश्यक झाले. तांबड्या डोळ्यांचा मध्य अमेरिकी वृक्षमंडूक २०१० पासून त्या यादीत आहे. व्हाइटचा बेडूक त्यात नाही. परंतु कायद्याची यादी जेथे संपते तेथे पाळणाऱ्याचे दायित्व संपत नाही.

८. उपसंहार

आतापर्यंत बेडकाला घरात ठेवण्याचे चार प्रकार पाहिले : खाटेखाली बांधलेला, बरणीत शिडीवर बसविलेला, नाव देऊन निरखलेला, आणि न्हाणीत येऊ दिलेला. या चारही प्रकारांना मराठीत आपण सैलपणाने 'ठेवणे' म्हणू शकतो. 'पाळणे' मात्र म्हणता येईल का, याचा विचार भाषेच्या आधारे केला पाहिजे.

'पाळणे' हे क्रियापद संस्कृत 'पालयति'पासून आले. त्याचा मूळ अर्थ रक्षण करणे. मराठीत कुत्रा पाळतात, तसेच व्रत पाळतात, शब्द पाळतात, वेळ पाळतात, पथ्य पाळतात. या सर्व प्रयोगांत एक सूत्र आहे. जे पाळले जाते ते पाळणाऱ्याला बांधून घेते. व्रत पाळणारा व्रताचा मालक नसतो, पथ्य पाळणारा पथ्यावर हुकूम चालवीत नाही. आपल्या सोयीला मुरड घालून त्याला त्याप्रमाणे वागावे लागते. प्राण्याच्या बाबतीत वापरताना मात्र आपण या क्रियापदाचा तेवढा अर्थ विसरतो आणि मालकीचा अर्थ घेऊन चालतो. 'बेडूक पाळला' याचा अर्थ 'बेडकाचे पथ्य पाळले' असा घेतला, तर टाउनसनने पाळला असे म्हणता येईल, बरणीवाल्याने पाळला असे म्हणता येणार नाही. आणि ज्या गृहिणीने न्हाणीच्या कोपऱ्यातल्या बेडकाला हात न लावता राहू दिले, फिनेल टाकताना तो कोपरा तेवढा सोडला, तिने तो कोणत्याही पेटीवाचून पाळला, असेच म्हणावे लागेल.

या दृष्टीने कोल्हापूरच्या परिसरात अजून पुष्कळ काम करण्यासारखे आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांतील शेतकरी व धनगर पावसाळ्यात निरनिराळे बेडूक ऐकतात. त्या आवाजांना, फेसाच्या घरट्यांना आणि घरात येणाऱ्या बेडकाला त्यांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून, प्राणिशास्त्र विभागातील सहाध्यायांना बरोबर घेऊन टिपले पाहिजे. धोंडीच्या प्रत्येक गावातील तपशिलाचीही नोंद व्हावी. ज्या वाड्यांत बेडूक येई ते वाडे पडत आहेत, आणि ज्यांच्या तोंडी हे शब्द होते ती पिढी वार्धक्याकडे झुकली आहे. या संग्रहाला येत्या पावसाळ्यापासूनच आरंभ झाला पाहिजे.